साहेब बदलतात, टेबल राहतं

जिल्हा न्यायालयात नाझर नावाचा एक अधिकारी असतो. माझ्या पाहण्यातल्या एकाही सिनेमात त्याला काम मिळालेलं नाही. सिनेमातल्या कोर्टात न्यायाधीश असतो, त्याच्या हातात हातोडा असतो, दोन वकील एकमेकांवर ओरडत असतात आणि शेवटच्या रिळात दार ढकलून साक्षीदार येतो. त्या साक्षीदाराला समन्स कोणी बजावलं, त्याचा भत्ता कोणी भरला, तो ज्या पिंजऱ्यात उभा राहतो त्याचा मोडलेला कठडा कोणी दुरुस्त करून घेतला, हे दिग्दर्शकाला पडलेले प्रश्न नव्हेत. ते नाझराला पडतात. आपल्या कोर्टांत हातोडा नसतो, ही गोष्ट एव्हाना बऱ्याच जणांना कळली आहे. असता, तर तो जडवस्तू नोंदवहीत अनुक्रमांकासह चढला असता, दरवर्षी त्याची पडताळणी झाली असती, आणि दांडा सैल झाल्यावर तो निर्लेखित करावा की दुरुस्त करावा, या विषयावर निदान तीन पत्रं गेली असती.

न्यायदानाबद्दल पुस्तकं पुष्कळ आहेत. पण न्याय ज्या कचेरीतून बाहेर पडतो तिची रचना कशी, हे सामान्य माणसाला कळतं ते स्वतःवर दावा पडल्यावरच. तोवर त्याची समजूत अशी असते, की वर न्यायाधीश बसतात आणि खाली कारकून, शिपाई त्यांचं ऐकतात. तक्त्यावर हे बरोबर आहे. तक्ता वरून खाली वाचायचा असतो. पक्षकार मात्र इमारतीत खालून शिरतो.

तरी आधी वरूनच पाहू. राज्यघटनेचं 229 वं कलम म्हणतं, की उच्च न्यायालयातले अधिकारी आणि सेवक नेमण्याचा अधिकार मुख्य न्यायमूर्तींचा. त्यांच्या सेवेचे नियमही मुख्य न्यायमूर्तींनीच करायचे. इथपर्यंत न्यायसंस्थेचं स्वातंत्र्य अगदी झळझळीत आहे. मग त्याच कलमाला एक परंतुक येतं: या नियमांत पगार, भत्ते, रजा किंवा निवृत्तिवेतन यांचा विषय असेल, तर राज्यपालांची मान्यता हवी. राज्यपाल म्हणजे व्यवहारात मंत्रालय. म्हणजे जे न्यायालय सकाळच्या सत्रात सरकारचा निर्णय घटनाबाह्य ठरवून रद्द करू शकतं, त्यालाच दुपारी स्वतःच्या शिपायाचा भत्ता वाढवायचा असेल, तर त्याच सरकारकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. घटना लिहिणाऱ्यांना सरकारी कचेऱ्यांची नस ठाऊक होती, याचा याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

मुख्य न्यायमूर्तींच्या हाताखाली महाप्रबंधक. त्यांच्याखाली प्रबंधक, आणि प्रबंधकही एक नव्हे. न्यायिक शाखेचा एक, प्रशासनाचा एक, कार्मिक म्हणजे माणसांच्या नेमणुका-बदल्यांचा एक, तपासणीचा एक, दक्षतेचा एक. यातले बरेच जण मुळात जिल्हा न्यायाधीश. आयुष्याची उमेदीची वर्षं खून आणि दरोडे ऐकण्यात घालवून, फाशी आणि जन्मठेप यांतला फरक निकालपत्रात चाळीस पानं लिहून समजावून दिलेला माणूस. आता तो कुठल्या तालुक्याच्या कोर्टाला किती खुर्च्या मंजूर आहेत आणि वाहनतळाची जागा कोणाची, यावर टिपणी लिहितो. त्यातही काही जणांच्या चेहऱ्यावर मी समाधान पाहिलं आहे. खुर्च्या निदान अपील करत नाहीत.

मुंबई उच्च न्यायालय 14 ऑगस्ट 1862 रोजी सुरू झालं. आज दिसते ती गॉथिक इमारत 1878 मध्ये पुरी झाली. तिच्या दगडी कामात एक माकड कोरलेलं आहे. त्याचा एक डोळा झाकलेला आणि हातात तराजू. वकिलाची पट्टी बांधलेला एक कोल्हाही आहे. कोणा नाराज कंत्राटदाराने सूड म्हणून ही चित्रं कोरून घेतली, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, मला त्यात एक उणीव जाणवते. न्यायाधीशाला माकड मिळालं, वकिलाला कोल्हा मिळाला, पण कारकुनाच्या वाट्याला एकही प्राणी आला नाही. कंत्राटदाराचा संबंध फायलिंगच्या खिडकीशी आला नसावा. आला असता तर अख्खा एक खांब त्याने राखून ठेवला असता.

या इमारतीत मूळ शाखा नावाचा एक वेगळाच संसार आहे. मुंबई शहरातले मोठ्या रकमांचे दावे थेट उच्च न्यायालयात दाखल होतात, ते या शाखेत. तिथल्या मुख्य अधिकाऱ्याचं पदनाम ‘प्रोथोनोटरी आणि सीनियर मास्टर’. इंग्लंडहून जहाजाने आलेल्या सामानात हे पद आलं आणि उतरवून घेतल्यावर परत पाठवायचं राहून गेलं. त्याच्या शेजारी टॅक्सिंग मास्टर. हा कर वसूल करत नाही; दाव्याच्या खर्चाचं, म्हणजे मुख्यतः वकिलांच्या बिलाचं, मोजमाप करतो. मग कोर्ट रिसीव्हर. भावाभावांच्या किंवा भागीदारांच्या भांडणात अडकलेली मालमत्ता न्यायालय त्याच्या ताब्यात देतं. दोन भाऊ वीस वर्षं ज्या दुकानावरून भांडतात, त्याला कुलूप तिसऱ्याचं.

आणि शेरीफ. मुंबईचा शेरीफ म्हटलं की आपल्याला विमानतळावर पाहुण्यांच्या स्वागताला उभा असलेला, सभा बोलावणारा प्रतिष्ठित नागरिक आठवतो. हे मानाचं पद एका वर्षासाठी असे. 1980 साली ते दिलीपकुमारांकडे होतं, पुढे सुनील गावसकरांकडेही आलं. पण मानाच्या या झुलीखाली शेरीफची एक कचेरी आहे आणि तिचं काम उच्च न्यायालयाची समन्सं बजावणं, वॉरंटं अमलात आणणं, जप्ती करणं. म्हणजे एक वर्ष मुंबईतल्या बड्या थकबाकीदारांच्या दारात जाणारे कागद, नावापुरते का होईना, दिलीपकुमारांच्या खात्यातून जात होते. काम अर्थात उपशेरीफ आणि त्यांची माणसं करत. नायकाने समन्स स्वतः नेऊन दिलं असतं, तर घेणाऱ्याने ते चुकवलं नसतं, उलट पोचपावतीवर सही करून घेण्याऐवजी त्याचीच सही मागितली असती.

आता जिल्ह्याला येऊ. घटनेच्या 235 व्या कलमाने जिल्हा आणि तालुक्याच्या न्यायालयांवर उच्च न्यायालयाचं नियंत्रण आहे. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्याला उच्च न्यायालयाचे एक पालक न्यायमूर्ती असतात. ते भेटीला येणार अशी वार्ता आली, की इमारतीत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. वर्षभर कपाटांच्या डोक्यावर बसलेले गठ्ठे एका रात्रीत अंतर्धान पावतात. ते कुठे जातात हे मी एकदा एका निवृत्त अधीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, “अहो, जातील कुठे? साहेब ज्या खोलीत जाणार नाहीत त्या खोलीत.” ती खोली कोणती, हे मात्र आधी ठरवावं लागतं आणि त्यासाठी अनुभव लागतो. एका ठिकाणी म्हणे गठ्ठे प्रसाधनगृहात लावले होते आणि न्यायमूर्तींनी नेमकं तेच दार उघडलं. त्यांनी शांतपणे दार लावून घेतलं आणि तपासणीच्या टिपणीत ‘अभिलेख कक्षास अतिरिक्त जागेची आवश्यकता’ असा शेरा मारला. गोष्ट ऐकीव आहे, पण अतिरिक्त जागा काही मिळाली नाही हा तिचा शेवट मला विश्वासार्ह वाटतो.

जिल्ह्याचे मुख्य ते प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश. मग जिल्हा न्यायाधीश क्रमांक एक, दोन, तीन. मग दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर. मग कनिष्ठ स्तर, ज्यांच्याकडे फौजदारी कामही असतं. त्यामुळे सर्वांत तरुण न्यायाधीशाच्या दारावरची पाटी सर्वांत लांब: ‘पाचवे सह दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग’. पाटी वाचून होईपर्यंत आत पुकारा होऊन गेलेला असतो. प्रमुख न्यायाधीशांची पाटी आटोपशीर. न्यायखात्यात बढती म्हणजे काय हे पगारपत्रक न पाहताही कळतं.

न्यायाधीशांची तीनेक वर्षांनी बदली होते. त्यामुळे साहेब म्हणजे घरी आलेला जावई: मान सगळा त्याचा, पण डबे कुठे ठेवलेत ते त्याला माहीत नसतं. डबे ठाऊक असतात ते खालच्या मंडळींना. प्रबंधक, अधीक्षक, सहायक अधीक्षक, वरिष्ठ लिपिक, कनिष्ठ लिपिक, लघुलेखक, नाझर, बेलिफ, शिपाई, हमाल. यात बेंच क्लार्क हा साहेबांच्या पुढ्यात बसतो, रोजनामा लिहितो आणि पुढच्या तारखा नोंदवतो. तारीख देतात साहेब. पण ‘अठ्ठावीसला बोर्ड फुल आहे सर’ असं हळूच सांगणारा तोच. अशिलाला वाटतं, आपल्या वकिलाने जोरदार युक्तिवाद करून जवळची तारीख मिळवली. वकिलाला वस्तुस्थिती माहीत असते, म्हणून तो बाहेर पडताना क्लार्ककडे पाहून मान हलवतो.

साहेबांच्या अधिकाराची खरी मर्यादा पंखा बंद पडल्यावर कळते. सत्र न्यायाधीश माणसाला फाशी सुनावू शकतो. उच्च न्यायालयाने ती कायम करावी लागते, एवढंच. पण डोक्यावरचा पंखा त्याच्या अधिकारकक्षेत येत नाही. इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाची. पंखा त्याच विभागाच्या विद्युत शाखेचा. निधी मंजूर करणार विधी व न्याय विभाग. म्हणून पंखा बंद पडल्याची नोंद नाझर घेतो, अधीक्षक पत्राचा मसुदा करतात, साहेब सही करतात, पत्र कार्यकारी अभियंत्यांकडे जातं. तिकडून अंदाजपत्रक येतं. दरम्यान एप्रिल येऊन जातो. समोर उभ्या असलेल्या सरकारी अधिकाऱ्याला दुसऱ्या एखाद्या प्रकरणात साहेब खडसावतात, “एका साध्या अर्जाला सहा महिने?” आणि अधिकारी खाली मान घालतो; वर पाहिलं तर पंखा दिसेल म्हणून.

या कचेऱ्यांत नोकरी मिळवणं मात्र सोपं नाही. 2023 च्या डिसेंबरात राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी 4,629 जागांची जाहिरात निघाली: लघुलेखक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई-हमाल. कनिष्ठ लिपिकाला टंकलेखनाची गती हवी, मिनिटाला इंग्रजी चाळीस शब्द, मराठी तीस. शिपाई-हमालाला लेखी परीक्षेबरोबर ‘स्वच्छता व चापल्य चाचणी’. चापल्य! हा शब्द मी त्याआधी फक्त शाळेच्या पुस्तकात हरणाच्या संदर्भात वाचला होता. उमेदवाराने चपळाई दाखवायची, परीक्षकांनी ती पाहायची. नोकरी लागल्यावर ज्या गतीने पहिली फाईल अभिलेख कक्षातून वर येते, ती पाहता चापल्य चाचणी दर पाच वर्षांनी पुन्हा घ्यावी, अशी माझी सूचना आहे. पण मग न्याय म्हणून ती सर्व पदांना लावावी लागेल, आणि ‘सर्व’मध्ये कोण कोण येतं हा प्रश्न नाजूक आहे.

तरी गतीबद्दल कायद्याचाच दृष्टिकोन उदार आहे. नक्कल विभाग घ्या. निकालाविरुद्ध अपील करायचं तर निकालाची प्रमाणित नक्कल लागते आणि अपिलाला मुदत असते. 1963 चा मुदत कायदा बाराव्या कलमात म्हणतो, की नक्कल मिळायला जितका वेळ लागला तितका मुदतीतून वगळावा. वेळ कोणासाठी थांबत नाही, असं आपण शाळेत शिकलो. तो नक्कल विभागासाठी थांबतो, आणि तशी संसदेची तरतूद आहे. म्हणून नकलेच्या पाठीवर शिक्का असतो: अर्ज केल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, नक्कल दिल्याची तारीख. वकिलाचा कारकून हे तीन आकडे आधी वाचतो, निकाल नंतर. निकाल काय लागला ते त्याला ठाऊकच असतं; मुदत किती उरली हे शिक्का सांगतो.

वकिलाचा कारकून सरकारी तक्त्यात कुठेच नाही, पण त्याच्याशिवाय इमारत चालणार नाही. रे.मु.नं. म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर, चौ.अ. म्हणजे चौकशी अर्ज, रे.द. म्हणजे रेग्युलर दरखास्त, हे त्याला तोंडपाठ. कोणत्या टेबलाला अर्ज द्यायचा, कोणत्या टेबलाला तो ‘इकडे नाही’ म्हणून परत येतो आणि परत आल्यावर पुन्हा पहिल्याच टेबलाला कसा घेतला जातो, हा अभ्यास कुठल्याही विधी महाविद्यालयात शिकवत नाहीत.

बेलिफ हा या सगळ्या रचनेचा रस्त्यावर दिसणारा भाग. बाकी खाती कागद आत घेतात. हा एकटा तो बाहेर नेतो. घरात माणूस भेटला नाही किंवा त्याने समन्स घ्यायला नकार दिला, तर 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते, की प्रत बाहेरच्या दाराला किंवा घराच्या ठळक भागाला लावावी. त्यावरून बेलिफाचा तो सुप्रसिद्ध अहवाल: ‘सदर इसम मिळून आला नाही, सबब दारावर नोटीस डकवली.’ ‘डकवली’ हे क्रियापद मराठीत आता जवळजवळ कोर्टाच्याच आश्रयाला उरलं आहे. फ्लॅट संस्कृतीत बाहेरचं दार कोणतं, सोसायटीचं फाटक की लोखंडी जाळी, यावर पहारेकऱ्याशी होणारा वाद संहितेच्या कर्त्यांना सुचला नव्हता.

1872 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने नोंदवून ठेवलं आहे, की हिंदुस्थानात पक्षकाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा हाती पडल्यावर सुरू होतात. पुढे प्रिव्ही कौन्सिलची अधिकारिता गेली, अडचणी राहिल्या. दावा जिंकल्यावर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावायची, मग नाझरामार्फत जप्ती. स्थावर मालमत्ता जप्त करताना ती जाहीर करण्याची पद्धत संहितेत आजही दिली आहे: दवंडी पिटून किंवा तिथल्या इतर रूढ पद्धतीने. दवंडीचा खर्च दरखास्तदाराने भरायचा. तो भरतो, पावती मिळते, दवंडी दिल्याचा अहवाल येतो, पंचांच्या सह्याही असतात. ढोल कोणी ऐकला, हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही. सांगलीकडचे एक ज्येष्ठ बेलिफ म्हणाले, “साहेब, हल्ली मोबाईलवर ढोल वाजवता येतो.” थट्टा होती की कार्यपद्धती, हे मी विचारलं नाही.

जंगम माल जप्त करायचा तरी त्याच संहितेचं 60 वं कलम आडवं येतं. कर्जदाराचे आणि त्याच्या बायकामुलांचे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बायकोचा धर्माने काढता न येणारा दागिना, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याचे बैल आणि बियाणं, हे काही घ्यायचं नाही. कायदा मनाचा मोठा आहे. पण त्यामुळे बेलिफाच्या हाती लागतं काय, तर एक लाकडी टेबल आणि टेबलफॅन. तो टेबलफॅन नाझराच्या खोलीत ठेवलेला असताना, वरच्या मजल्यावरचा सरकारी पंखा बंद आहे हे ठाऊक असूनही तो कोणी साहेबांच्या दालनात नेत नाही. जप्त माल वापरता येत नाही. इतकी नियमनिष्ठा मी अन्यत्र पाहिलेली नाही आणि इथे मी टवाळी करत नाही आहे.

मुद्देमाल कक्ष हा फौजदारी बाजूचा. तलवारी, गुप्त्या, सायकली, हातभट्टीच्या बाटल्या, एखादा रक्ताचा डाग असलेला सदरा. प्रत्येकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर खटल्याचा क्रमांक. 1 जुलै 2024 पासून लागू झालेली नागरिक सुरक्षा संहिता सांगते, की न्यायालयाने माल हजर झाल्यापासून चौदा दिवसांत त्याचं विवरण करावं, छायाचित्र किंवा चित्रफीत घ्यावी आणि पुढच्या तीस दिवसांत विल्हेवाट लावावी. फार चांगला नियम. मुद्देमाल कारकुनाने तो वाचला, चष्मा काढला आणि त्या सायकलीकडे पाहिलं जिच्या टायरमध्ये हवा कोणी शेवटची भरली ते सांगणारा साक्षीदारही आता हयात नाही.

दरम्यान, इमारती वाढतात तशा कचेऱ्याही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याखाली. चार दशकांहून जास्त चाललेल्या आंदोलनाचं ते यश. पेढे वाटले, फटाके वाजले, न्यायमूर्तींची छायाचित्रं छापून आली. त्या सहा जिल्ह्यांची प्रकरणं मुंबईहून कोणी बांधली, कोणी मोजली, ट्रकवर कोणी चढवली आणि उतरल्यावर कोणी पुन्हा मोजली, त्यांची छायाचित्रं कुठल्या पानावर होती ते मला सापडलं नाही.

आता सगळं संगणकावर आलं आहे. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येक प्रकरणाला सोळा चिन्हांचा सीएनआर क्रमांक असतो: दोन अक्षरं राज्याची, दोन जिल्ह्याची, दोन अंक न्यायालयाचे, सहा प्रकरणाचे, चार वर्षाचे. तो मोबाईलवर टाकला की पुढची तारीख, प्रकरणाचा टप्पा, कधी कधी निकालाची प्रतसुद्धा दिसते. वाईहून एसटीने येणाऱ्या म्हाताऱ्याचा एक हेलपाटा वाचतो, याचं श्रेय द्यायलाच हवं.

फक्त एक गोष्ट ॲपला वेळेत कळत नाही: साहेब आज रजेवर आहेत का. कनिष्ठ न्यायाधीशाचा रजेचा अर्ज प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे जातो, प्रमुखांचा स्वतःचा उच्च न्यायालयाकडे, मग कार्यभार कोणाकडे याचा आदेश निघतो, तो फळ्यावर लागतो. हे सगळं होईपर्यंत अकरा वाजून गेलेले असतात आणि तीन तालुक्यांतून माणसं आलेली असतात. अनुभवी वकील मात्र फळ्याकडे जात नाहीत, ॲप उघडत नाहीत आणि बेंच क्लार्कलाही फोन करत नाहीत. ते आवारातल्या चहावाल्याला विचारतात. चेंबरचा साडेदहाचा चहा आज नको, हा निरोप त्याला केव्हाच मिळालेला असतो.